गाळातला षड्ज

हेमलता सुतारनं एखादं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागी बसून ऐकल्याचं मिरजेत कुणी पाहिलेलं नव्हतं. तिचा नवरा नंदकुमार तर छातीठोकपणे सांगायचा, की चाळीस मिनिटांच्या ख्यालात ही बाई किमान सात वेळा उठते. एकदा डावा स्पीकर बोटभर आत वळवायला, एकदा पडदा ओढायला, एकदा कुठली वायर कुठल्या वायरीला चिकटली नाही ना हे बघायला, आणि उरलेल्या चार वेळा उगीचच.

तसा तिचाही इलाज नव्हता. वीज मंडळाच्या टेस्टिंग लॅबमध्ये तिनं तेहेतीस वर्षं काढली होती, आणि तिथं तिला एक शत्रू मिळाला होता. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढंमागं वाहते. पुढं जाताना एकदा आणि मागं येताना एकदा, अशी ती वाटेतल्या प्रत्येक लोखंड-तांब्याच्या वेटोळ्याला थरथरवते. पन्नासाचे होतात शंभर. ट्रान्सफॉर्मरपाशी, जुन्या पंख्यापाशी, ट्यूबलाइटच्या चोकपाशी जो 'घूंऽऽ' ऐकू येतो, तो हाच शंभराचा हमिंग. साध्या माणसाच्या तो खिजगणतीत नसतो. हेमलताला मात्र एकदा ऐकू आला की आमटीत खडा लागल्यासारखं व्हायचं.

निवृत्त झाल्याबरोबर तिनं घरात म्युझिक सर्व्हर उभा केला, तो या शत्रूचा नायनाट करायच्या इराद्यानंच. सर्व्हर बिनपंख्याचा, तोही माळ्यावर, म्हणजे त्याची कुरकुर खाली यायला नको. तिथून बैठकीतल्या, गाणं वाजवणाऱ्या स्ट्रीमरपर्यंत तांब्याची वायर नाही, काचेची बारीक तार. गाणं उजेडाच्या रूपानं खाली येणार, विजेची घाण वरच राहणार. परसात अर्थिंगचा वेगळा खड्डा, मागच्या भिंतीला आवाज पिणाऱ्या चार गोधड्या, आणि खुर्चीच्या चार पायांना फरशीवर खडूच्या खुणा. एवढं करूनही मीटरची सुई शून्यावर टेकेना. तेव्हा चार वर्षांपूर्वी तिनं शेवटचा घाव घातला. गल्लीत सगळ्यांच्या आधी तिनं अख्खं घर डीसी करून घेतलं. गच्चीवर सोलर, जिन्याखाली बॅटऱ्या, आणि घरभर एकाच दिशेनं मुकाट वाहणारी वीज. पन्नास नाही, शंभर नाही, काही नाही. बाहेरची लाइन मीटरपाशीच अडवली.

भिंतीपलीकडे नंदकुमारचा तंबोऱ्यांचा कारखाना. तिथली तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबही त्याच दिवशी उतरली. त्या ट्यूबवरून नवरा-बायकोची जुनी भांडणं होती. खिडकीतून लख्ख ऊन येत असतानाही नंदकुमार कामाला बसताना आधी ट्यूब लावायचा. मंडळात नोकरी करणाऱ्या बाईच्या घरात दिवसाढवळ्या दिवा! "अहो, सूर्य दिसत नाही का तुम्हाला?" असं ती ओरडली की त्याचं ठरलेलं उत्तर, "उस्मानचाचा लावायचे." उस्मानचाचा म्हणजे त्याचे उस्ताद. त्यांच्या हाताखाली तो वयाच्या चौदाव्या वर्षी बसला आणि त्यांच्या मागं हा कारखाना त्यानंच चालवला. ट्यूब जाऊन एलईडीची पट्टी आली तेव्हा त्यानं वर बघितलं आणि "उजेड झकास पडलाय," एवढंच म्हणाला.

त्याला आता चार वर्षं झाली होती, आणि आज सोमवारी पुण्याच्या गायिका देवस्थळीबाईंकडचा तंबोरा परत आला होता. यंदाचा हा तिसरा.

नंदकुमार खोळ न काढता त्याच्याकडे बघत बसला होता. हेमलता चहा घेऊन गेली.

"काय म्हणाल्या बाई?"

"काय म्हणणार? चांगल्या वळणाच्या हायत, चांगलंच बोलल्या. 'नंदूकाका, तंबोरा सुरेख आहे, पण बोलत नाही.'"

"बोलत नाही म्हणजे नक्की काय?"

"बोलत नाही म्हणजे बोलत नाही. मीटर लावून बघायचाय का तुला?" त्यानं कप घेतला आणि बाजूला ठेवला. "कान गेला माझा, हेमा."

"डॉक्टरांनी तर ठणठणीत सांगितलेत. तुमच्या वयाच्या मानानं..."

"डॉक्टरला जवारी कळती व्हय?"

तंबोऱ्याची तार हाडाच्या घोडीवर नुसती टेकत नाही, घोडीच्या बारीक उतारावर लोळते आणि लोळता लोळता घासते. त्या घासण्यातून एका सुराचे दहा सूर उमलतात. ती जवारी. कानशीनं केसभर हाड काढायचं, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा केसभर काढायचं. केसभर जास्त निघालं की तंबोरा मुका. त्याला माप नाही. उस्मानचाचांच्या कानात होतं, त्यांच्यानंतर नंदकुमारच्या कानात होतं, आणि आता तो म्हणत होता की गेलं.

"संग्रहालयाच्या लोकांना फोन केलाय मी," तो म्हणाला. "शुक्रवारी येतील. चाचांच्या कानशी, पटाशा, सगळं घेऊन जातील. काचेत ठेवणारायत. ठेवू देत."

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. बावन्न वर्षं जो माणूस सकाळी आंघोळ झाल्याबरोबर कारखान्याचं कुलूप काढायचा, तो शनिवारी सकाळी काय काढणार होता?

"शुक्रवारपर्यंत मला वेळ द्या," ती म्हणाली. "मी शोधते."

"काय शोधतीस?"

"बिघाड."

तिच्या हातात एक गोष्ट होती. चाचांच्या कारखान्यातला एक रिवाज असा, की वाद्य गिऱ्हाइकाच्या पट्टीत लावून देण्याआधी, कारखान्याच्या सुरात आणि चारही तारा षड्जावर असतानाच, त्याचा पाच मिनिटांचा आवाज टेप करून ठेवायचा. सासरी निघालेल्या पोरीचा फोटो काढतात ना, तसं. दोनशे बारा कॅसेट एका पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, प्रत्येकीवर तारीख. जुने तंबोरे आणि नवे तंबोरे शेजारी शेजारी ठेवून बघायचे. नव्यात काय कमी आहे ते आलेखात दिसलंच पाहिजे. तिनं ट्रंक बैठकीत ओढत आणली आणि मंगळवारी सकाळी टेपडेक सर्व्हरला जोडला.

सर्व्हरवर तिनं नुकतंच 'नितळ' बसवलं होतं. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी याच सॉफ्टवेअरचं नाव होतं. जुन्या ध्वनिमुद्रणातला हमिंग काढायचे चाळणीसारखे उपाय आधीही होते, पण चाळणी आंधळी असते. ती शंभरावर बसवावी तर हमिंग सत्याण्णवावर सरकलेला असतो. कारण देशभरच्या विजेचा ठेका कधी अगदी स्थिर नसतो. लोकांनी पंप लावले की तो मंदावतो, बंद केले की पळतो. नितळ हा ठेका क्षणाक्षणाला ओळखायचं, त्याच्या मागोमाग पावलं टाकत जायचं आणि हमिंग त्याच्या सगळ्या पटींसकट, शंभर, दोनशे, तीनशे, असा मुळासकट उपटून काढायचं. काढलेलं फेकून मात्र द्यायचं नाही. ते 'गाळ' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं, मालकाला हवं तर तपासता यावं म्हणून.

पहिली कॅसेट झाली. हेमलतानं खडूच्या खुणांवर खुर्ची नीट बसवली आणि ऐकायला बसली.

स्पीकरमधून चार तारा छेडल्याचे नुसते टिचके आले. टक, टक, टक, टक. मागं आवाजच नाही. एखाद्यानं रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी, तसं.

ती ताडकन उठली. डेकचं हेड पुसलं. पुन्हा तेच. वायर बदलली. तेच. दुसरी कॅसेट, दहावी कॅसेट, टक, टक, टक, टक. स्क्रीनवर नितळ शांतपणे सांगत होतं: ध्वनिमुद्रणात ९४ टक्के हमिंग होता, काढला आहे.

"चौऱ्याण्णव टक्के कुठं हमिंग असतो का रे मेल्या?" ती यंत्रावर खेकसली. बुधवार दुपारपर्यंत ती खालीवर धावत होती. माळ्यावर जाऊन सर्व्हर बंद-चालू केला, अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून आली, जेवताना ताटावरून उठून एक जोड घट्ट करून आली. नंदकुमार भाकरी मोडता मोडता बघत होता.

"घाम गाळून काय होणाराय?" तो म्हणाला. "माणसाचा कान गेलाय, मशीनचा नाही."

त्यानं 'गाळून' म्हटलं म्हणा किंवा आधीच डोक्यात होतं म्हणा, हात धुतल्या धुतल्या तिनं गाळाचं फोल्डर उघडलं आणि त्यातली पहिली फाइल लावली.

बैठकीत तंबोरा उभा राहिला. भरलेला, गोल, चारही तारांवर सूर उमलत, वर गंधार तरंगत असलेला उस्मानचाचांचा तंबोरा. अख्खा तंबोरा गाळात होता. भिंतीपलीकडे कानशीचे डबे आवरण्याचा खडखडाट चालला होता, तो थांबला.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं. मग तिचे लॅबमधले डोळे आकड्यांवर गेले आणि तिथंच खिळले. नितळ चुकलं नव्हतं. खर्जाची तार हमिंगच्या बरोब्बर वर बसली होती. जवळपास नाही, बरोब्बर. जोडीच्या तारा त्याच्या दुपटीवर. एकास एक, एकास दोन. यंत्राला दोन्ही वेगळे ओळखताच येत नव्हते, म्हणून त्यानं दोन्ही उचलले होते.

योगायोग असेल म्हणून तिनं दुसरी कॅसेट बघितली. मग विसावी. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस कॅसेट झाल्या. टेपची मोटर हळू-जलद झाली असेल, ही शंकाही तिनं स्वतःच काढून स्वतःच मोडली. मोटर हलली तरी दोन्ही आवाज बरोबरच हलणार, प्रमाण खोटं बोलणार नाही. सगळ्यात कहर मे महिन्यांतल्या जुन्या कॅसेटींनी केला. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं तिला आठवली. उन्हाळ्यात शेतीचे पंप सुरू झाले की सबस्टेशनच्या मीटरवर पन्नासाचा काटा एकोणपन्नासाच्याही खाली लटकायचा. आणि त्या महिन्यांतले तंबोरेही तेवढेच खाली लागलेले होते. वीज बसली की चाचांचा षड्ज तिच्यासोबत बसत होता.

ट्यूब, तिच्या मनात आलं. ती चोकची ट्यूब.

डोक्यावर अखंड घुमणारा तो शंभराचा सूर, आणि त्याच्या वर दोनशे, तीनशे, चारशेची शिडी. चाचा आणि नंदकुमार, या दोघांनी आयुष्यभर त्या शिडीला तार टेकवून जवारी लावली होती. तारेच्या दहा सुरांतला एखादा पोटसूर बंद असला की हमिंगशी त्याची गाठ पडायची नाही. उघडला की दोन्ही मिळून एक संथ लाट यायची. ती लाट आली की कानस थांबवायची. कानाला ते ठाऊक होतं, माणसाला नव्हतं. आणि चार वर्षांपूर्वी एका बाईनं, आपलं गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून, ती शिडी काढून घेतली होती. वर नवऱ्याला विचारलंही होतं, उजेड कसा पडलाय म्हणून.

नंदकुमारचा कान गेला नव्हता. तिनं तो घालवला होता.

गुरुवारी सकाळी तो दाढी-कटिंगला गेला तेव्हा तिनं माळ्यावरून ती चोक आणि ट्यूब काढली. मंडळातली माणसं काही फेकत नाहीत. घरात आता पुढंमागं वाहणारी एसी वीज नव्हती, म्हणून लॅबमधून आणलेला एक छोटा इन्व्हर्टर बॅटरीला लावला आणि त्यावर ट्यूब पेटवली. कारखान्यात 'घूंऽऽ' भरला. तिच्या अंगावर नेहमीसारखा काटा आला.

तिला गप्प बसता आलं असतं. जुनी ट्यूब सापडली, लावली, म्हणाली असती; त्याचा हात सुधारला असता आणि उस्तादांचा कान उस्तादांचाच राहिला असता. रात्रभर तिनं हेच ठरवलं होतं. पण नंदकुमार दारात उभा राहून ट्यूबकडे बघत "हे काय?" म्हणाला, आणि तिच्यानं खोटं बोलवेना. तिनं सगळं सांगितलं. कॅसेट, गाळ, एकास एक, आणि चोक कुणी काढली तेही.

त्यानं एकदा ट्यूबकडे बघितलं, एकदा चाचांच्या कानशींकडे. मग म्हणाला, "म्हणजे चाचा आणि मी, दोघं मिळून ट्यूबलाइटची साथ करत हुतो?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? लोक लांबून लांबून यायचे चाचांच्या कानासाठी. पाया पडायचे. आणि कान कुणाचा? तर मंडळाचा!" त्याचा आवाज चढला. "आणि तू चार वर्षं बघत बसलीस. मी रोज सकाळी उठून एकेक तंबोरा मारत हुतो आणि तू तिकडं पडदे वढत बसलीवतीस!"

तो तसाच अनवाणी बाहेर पडला. हेमलता ट्यूबखाली उभी राहून रडली. बंद करायला हात वर गेला, पण केली नाही.

तासाभरानं तो परत आला. पायांना धूळ, हातात न खाल्लेला पानाचा विडा. तो तिच्याकडे न बघता आपल्या पाटावर बसला.

"दर्ग्यापाशी बसलोवतो," तो म्हणाला. "एक आठवलं. मी नवा हुतो तेव्हाचं. मे महिना, बाराचं ऊन, आणि चाचांनी ट्यूब लावली. मी म्हटलं, चाचा, उजेड तर हाय की. तर म्हणाले, 'उजेडासाठी कोण लावतंय, बेटा?'" त्यानं विडा पाटाशेजारी ठेवला. "मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मी हसलो. पुन्हा कधी इचारलंच नाही."

"म्हणजे त्यांना..."

"त्यांना ठावं हुतं. मला नव्हतं." त्यानं देवस्थळीबाईंच्या तंबोऱ्याची खोळ काढली. "कानस दे."

ती पुढं झाली. तो तार लावू लागला, ऐकू लागला. तासभर चाललं. शेवटी त्यानं मान हलवली.

"जवळ आलंय. पण हे मेल्यागत वाजतंय."

"काय?"

"तुझी ट्यूब. हलतच नाही. चाचांची श्वास घ्यायची."

बाकी कुणी हसलं असतं, पण हेमलताला आकडाच दिसला. इन्व्हर्टरचा ठेका स्फटिकाचा, पन्नास म्हणजे पन्नास. खरी वीज मात्र देशभरच्या पंपांबरोबर, गिरण्यांबरोबर, दुपारच्या झोपांबरोबर किंचित खालीवर होत असते. त्याला बाहेरची कच्ची लाइन हवी होती. आणि ती एकदा आत घेतली की भिंतीतून, जमिनीतून, अर्थिंगमधून पलीकडे सगळीकडे झिरपणार. सर्व्हर, काचेची तार, गोधड्या, चार वर्षांची शांतता, सगळ्यावर पाणी. इन्व्हर्टरला तिला डब्यात कोंडता आलं असतं. याला कोंडता येणार नव्हतं.

ती मीटरपाशी गेली. पक्कड तिच्या हातात होती. तेहेतीस वर्षं ती ज्याला हुसकत आली, त्याला स्वतःच्या हातानं घरात घ्यायचं होतं. तिनं दोन्ही टोकं सोलली आणि बाहेरची लाइन कारखान्यातल्या ट्यूबला जोडली.

कारखान्यातून 'घूंऽऽ' आला. किंचित बसलेला, किंचित हलता. आतून नंदकुमारचा आवाज आला, "हां."

तो दुपारभर घासत होता. केसभर, मग अर्धा केस. दोरा सरकवला, काढला, पुन्हा सरकवला. चारच्या सुमाराला जोडीची तार उघडली. खर्ज छेडला आणि त्यातून गंधार असा वर आला, की खिडकीवरची चिमणी उडाली. नंदकुमारनं कानस खाली ठेवली आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले.

शुक्रवारी अकराला संग्रहालयाची दोन माणसं खोकी घेऊन आली. नंदकुमारनं त्यांना चहा पाजला.

"हत्यारं वापरात हायत," तो म्हणाला. "चुकून बोलावलं तुम्हाला."

ती गेल्यावर त्यानं तंबोरा मांडीवर घेतला आणि भिंतीपलीकडे हाक मारली. "हेमा, टेप करायचीय. रिवाज हाय."

तिनं माइक आणून लावला. रेकॉर्डिंग सुरू केल्याबरोबर स्क्रीनवर नितळचा निरोप उमटला: ९३ टक्के हमिंग आढळला. काढायचा का? तिनं 'नको' दाबलं, स्क्रीन उपडी ठेवली आणि भिंतीला टेकून फरशीवर बसली. डोक्यावर भर उन्हात ट्यूब घुमत होती. तंबोरा तिच्यात मिसळत होता, बाहेर येत होता, पुन्हा मिसळत होता. चार वर्षं काही तरी उरलंय म्हणून तिचं मन जे धावत होतं, ते कुठं धावावं हे न कळून थांबलं.

पाच मिनिटं झाली तेव्हा नंदकुमारनं तारांवर हात ठेवून मान वर केली आणि बायकोकडे बघितलं. ती एकदाही उठली नव्हती.